अंगठा शेतकऱ्याचा, लॉगिन साहेबांचे

जालना जिल्ह्यातल्या अंबड आणि घनसावंगी या दोन तालुक्यांत 2022 ते 2024 या काळातल्या अतिवृष्टी, गारपीट आणि पुराच्या अनुदानातले जवळपास 25 कोटी रुपये भलत्याच खात्यांत गेले. प्रकरण बाहेर आले, जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी समिती नेमली, निलंबनाचे आदेश निघाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये अंबड पोलीस ठाण्यात 28 जणांवर गुन्हा दाखल झाला. त्यांत बहुतेक जण तलाठी आणि महसूल खात्यातले कर्मचारी. तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे आणि आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण पैसा गेला कसा, याचे जे चित्र चौकशीतून समोर आले, ते आकड्यापेक्षा बोलके आहे. तहसीलदार आणि नायब तहसीलदारांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरून याद्या मंजूर झाल्या. कुणाच्या नावावर जमीनच नव्हती, कुणाचे क्षेत्र फुगवले होते, तर कुणाच्या नावावर एकाच नुकसानीचे पैसे दोनदा निघाले.

आता याच अनुदानासाठी खऱ्याखुऱ्या शेतकऱ्याला काय काय करावे लागते, ते पाहावे. कपाशी पाण्यात गेली की आधी पंचनामा. मग सातबारा, आधार आणि बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स तलाठ्याकडे द्यायची. तलाठ्यांना आता सरकारने ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे भारदस्त नाव दिले आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात. यादी वर जाते, खाली येते, तिच्यात नाव असेल तर विशिष्ट क्रमांक मिळतो. तो कागद घेऊन सेवा केंद्रात जायचे आणि मशीनवर अंगठा लावून ई-केवायसी करायची. राबून राबून रेषा झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही. मग पुसून पुन्हा लावायचा, नाहीतर दुसरे बोट, नाहीतर उद्या या. नाव, क्षेत्र, खाते, आधार, बोटांचे ठसे असे सगळे देऊन झाल्यावर ‘पेमेंट पेंडिंग’ वाचत बसायचे.

ज्याचे नुकसान झाले त्याची ओळख इतक्या ठिकाणी तपासली गेली. ज्या लॉगिनमधून कोट्यवधी रुपये सुटले, ते लॉगिन वापरणारा माणूस खरोखर तहसीलदारच आहे का, हे मात्र तीन वर्षे कुणी विचारले नाही.

डिजिटल पाळतीची चर्चा निघाली की आपल्याकडे अजून पेगाससचे हेरगिरीचे सॉफ्टवेअर, अमेरिका, चीनमधले कॅमेरे किंवा फेसबुकवरच्या जाहिराती यांच्यावरच बोलणे होते. हे सगळे खरे आहे आणि गंभीरही आहे. पण मराठवाड्यातल्या माणसावर रोज जी नजर असते, ती अनुदानाच्या, रेशनच्या आणि मजुरीच्या वाटेने येते. ‘ई-पीक पाहणी’ 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो अक्षांश-रेखांशासह वर पाठवायचा. ॲग्रीस्टॅक ही शेतकऱ्यांच्या नोंदींची डिजिटल यंत्रणा आली आणि शेतकऱ्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळाला. एप्रिल 2025 पासून राज्यातल्या कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला. रेशनला अंगठा आहे. अंगणवाडीत पोषण आहारासाठी आता चेहरा दाखवावा लागतो.

रोजगार हमीचे तर वेगळेच. देशाला ही योजना महाराष्ट्राने दिली. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याच्या मजुरांनी खडी फोडत ती जगवली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्याच योजनेच्या केंद्रीय अवतारात जानेवारी 2023 पासून कामावरच्या मजुरांचा दिवसातून दोनदा फोटो ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. सकाळचा फोटो गेला नाही, नेट नव्हते, मुकादमाचा फोन बंद पडला, तर घाम गाळलेला दिवस कागदावर उमटत नाही. आणि चोरी थांबली म्हणावी, तर जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून कबूल करावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात आणि जुन्या फोटोचाच फोटो काढून हजेरी भरली जाते. नजर मजुरावर होती. फोटोचा फोटो काढणारा हात त्या नजरेच्या मागे उभा होता, म्हणून तो दिसला नाही.

लाडकी बहीण योजनेत ही नजर थेट घरात शिरली. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा बाईच्या आधाराबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपीही मागितला गेला. सरकारचे म्हणणे सरळ होते: कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे आहे. पण नवरा सोडून गेला आहे, ऊसतोडीला परजिल्ह्यात आहे, दारूपायी बोलणे बंद आहे किंवा वारला आहे, अशा बाईने तो ओटीपी कुणाकडे मागायचा? तिच्या दीड हजार रुपयांची किल्ली ज्याच्यापासून तिला थोडे मोकळे व्हायचे होते, त्याच्याच फोनमध्ये ठेवली गेली. ओरड झाली, मुदत वाढली, विधवा आणि घटस्फोटित महिलांसाठी वेगळी वाट काढली गेली. पण ओटीपी मागताना या बायकांची आठवण आधी का झाली नाही, याचे उत्तर कुणी दिले नाही.

‘खेड्यात कसली आली प्रायव्हसी?’ असा एक युक्तिवाद नेहमी होतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. सातबारा कुणीही पाहू शकतो, तोही आता ऑनलाइन. त्यावर कोणत्या बँकेचा किती बोजा आहे तेही दिसते. कुणाच्या घरी कोण आले, कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा पोरगा पुण्यात नापास झाला, हे पारावर आधी कळते आणि घरात नंतर. पण पारावरच्या नजरेला दोन बाजू असतात. जो पाहतो, तोही दिसत असतो. त्याचेही सगळे गावाला ठाऊक असते. सर्व्हरमधल्या नजरेला ही दुसरी बाजू नाही. आपला ठसा कुणी उघडला, कधी उघडला, कुणाला दिला, हे बदनापूरच्या शेतकऱ्याला कळण्याची सोय नाही. शिवाय पारावरचे बोलणे चार दिवसांत विरते, साठवलेला ठसा विरत नाही.

ठशाची गोष्ट विशेष जपून करावी अशी आहे, कारण पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. 2023 मध्ये कर्नाटकात जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठे सरकारच्या ‘कावेरी’ पोर्टलवरून उचलले गेले, त्यांचे सिलिकॉनचे ठसे तयार झाले आणि आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारातून लोकांची खाती रिकामी झाली. खातेदाराला ना फोन आला ना ओटीपी. त्या व्यवहारात ओटीपी लागतच नाही. अंबडमध्ये वरच्या साहेबाच्या नावाने यादी मंजूर झाली, बंगळुरूत खातेदाराच्या नावाने पैसे निघाले. दोन्हीकडे यंत्राने ओळख ‘योग्य’ असल्याचीच ग्वाही दिली.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी, न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे हे निवृत्त न्यायाधीश आधारच्या सक्तीविरुद्ध न्यायालयात गेले होते. देशातले पहिले आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, हे यानिमित्ताने आठवावे. प्रयोग नेहमी टेंभलीसारख्या गावातून सुरू होतात आणि त्यांचे हिशेब दिल्लीत मांडले जातात.

जालना जिल्ह्याला पाळतीचा दुसरा, अधिक उघड चेहराही माहीत आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या वेळी 1 सप्टेंबर 2023 रोजी लाठीमार झाला. आधी दगडफेक झाली की आधी लाठी चालली, यावर दोन बाजूंनी दोन गोष्टी सांगितल्या गेल्या. पण गावकऱ्यांच्या मोबाईलमध्ये आणि वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांत बायाबापड्यांना पडणारा मार दिसला, आणि तो राज्यभर पोहोचला. दोन दिवसांत पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. 4 सप्टेंबरला तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी क्षमा मागितली. गावकऱ्यांच्या हातातले ते फोन नसते, तर त्या दुपारची नोंद फक्त पोलिसांच्या डायरीत राहिली असती.

पुढच्या फेब्रुवारीत वारे फिरले. घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत एसटी बस जाळली गेली आणि 26 फेब्रुवारी 2024 रोजी अंबड तालुक्यात संचारबंदी लागली. जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट काही तास बंद झाले. अफवा रोखायच्या होत्या, हे कारण पटण्यासारखे असेलही. पण ज्या जिल्ह्यात रेशन, बँकमित्र, पीकविमा आणि रुग्णालयाची नोंद सगळे नेटवर चालते, तिथे नेट बंद करणे म्हणजे फक्त व्हॉट्सॲप बंद करणे नव्हे. त्यातही गावकऱ्याचा कॅमेरा आंधळा होतो. पोलिसांचा बिनतारी संच चालूच राहतो. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे लोकांना त्यांविरुद्ध दाद मागता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच अनुराधा भसीन प्रकरणात बजावले होते.

आणि मग ड्रोन. जुलै 2024 च्या सुरुवातीला अंतरवालीत, जरांगे ज्या घरी मुक्कामाला होते त्यावर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. विधानसभेत विरोधकांनी विषय काढला, सरकारने माहिती घेण्याचे आश्वासन दिले. त्या पावसाळ्यात बीड, जालना आणि आसपासच्या गावांत रात्रीच्या ड्रोनची धास्ती पसरली. चोर टेहळणी करतात, असे लोक म्हणू लागले. गावोगाव तरुण काठ्या घेऊन जागले. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. कागदावर प्रत्येक ड्रोनला मालक आहे. आभाळात दिवा लुकलुकताना मात्र खाली उभ्या माणसाला तो मालक शोधण्याचा काही मार्ग नाही. पिकाचा फोटो अक्षांश-रेखांशासह देणाऱ्या शेतकऱ्याने आपल्याच डोक्यावरच्या ड्रोनचा पत्ता कुणाला विचारायचा?

ही नजर फक्त आंदोलकांवर किंवा गरिबांवर असते, असेही कुणी समजू नये. फोन टॅपिंगचे प्रकरण 2021 मध्ये विधानसभेत गाजले, तेव्हा नाना पटोले यांनी सांगितले की 2016-17 मध्ये त्यांचा फोन ‘अमजद खान’ या खोट्या नावाखाली, अमली पदार्थांच्या तपासाचे निमित्त करून ऐकला गेला. ज्यांचे फोन ऐकले गेले म्हणून त्यांनी सांगितले, त्यांत रावसाहेब दानवे यांच्या स्वीय सहायकाचाही उल्लेख होता. दानवे तेव्हा जालन्याचे खासदार होते, भाजपचे प्रदेशाध्यक्ष होते आणि राज्यात त्यांच्याच पक्षाचे सरकार होते. पुण्यात आणि मुंबईत या प्रकरणी तेव्हा पुण्याच्या पोलीस आयुक्त आणि नंतर राज्य गुप्तवार्ता विभागाच्या आयुक्त असलेल्या रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हे दाखल झाले; सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि जानेवारी 2024 मध्ये त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. न्यायालयाचा निर्णय अंतिम मानला, तरी एक गोष्ट उरतेच. फोन ऐकण्याची परवानगी गृहखात्याचे सचिव देतात आणि तिची फेरतपासणीही सचिवांचीच समिती करते. न्यायाधीश कुठेच नाही. सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षाच्या कार्यालयाबद्दल असा आरोप होऊ शकतो, तर बाकीच्यांनी कशाच्या भरवशावर बोलायचे?

इथे एक आडवा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. एवढी माहिती गोळा केली नाही, तर चोर पकडायचे कसे? लाडकी बहीण योजनेतच 14 हजारांहून अधिक पुरुषांनी पैसे उचलल्याचे उघड झाले, ते याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्यामुळेच. 2024 च्या खरिपात एक रुपयातल्या पीकविम्याचे राज्यात चार लाखांहून अधिक बोगस अर्ज सापडले. दुसऱ्याच्या, सरकारच्या, देवस्थानच्या जमिनीवर विमे उतरवले होते आणि बीड त्यात आघाडीवर होते. तेही संगणकानेच दाखवले. हे मान्य केलेच पाहिजे. माहिती आंधळी नसते.

पण त्या विम्याच्या अर्जांत एक मेख आहे. अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राला दर अर्जामागे 40 रुपये मिळत. जितके अर्ज जास्त, तितकी कमाई जास्त. शेतकऱ्याचा सातबारा ऑनलाइन कुणालाही दिसत होता, आणि त्याच्या नावाने कुणी अर्ज केला तर त्याला कळवण्याची बांधिलकी नव्हती. म्हणजे माहिती उघडी होती ती चुकीच्या बाजूने. ज्याची माहिती, त्याच्यासाठी दार बंद; ज्याच्याकडे मशीन, त्याच्यासाठी सताड उघडे. अंबडच्या अनुदानातही तेच झाले.

आता कायद्याकडे येऊ. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्या प्रत्यक्ष लागू व्हायला 2027 चा मे महिना उजाडेल. खासगी कंपन्यांनी माहिती सांडली तर अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे. ते चांगलेच आहे. पण अनुदान आणि सवलती देण्यासाठी सरकारला नागरिकाची ताजी संमती घेण्याची गरज या कायद्याने बहुतांशी ठेवलेली नाही. आपल्या ज्या यंत्रणांना हवे त्यांना केंद्र सरकार अधिसूचना काढून जवळजवळ पूर्ण सूट देऊ शकते. तक्रारी ऐकणारे मंडळही केंद्र सरकारच नेमणार. शेतकऱ्याच्या माहितीचा सगळ्यात मोठा साठा सरकारकडे, आणि सगळ्यात सैल दोरीही सरकारलाच.

याहून घातक बदल याच कायद्याच्या शेपटीला बांधून आला. कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(जे) बदलले. आधी ‘व्यक्तिगत’ म्हणून माहिती नाकारायची, तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे दाखवावे लागे. आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा आधार होता. तो आधार गेला. आता ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढे म्हणणे माहिती अधिकाऱ्याला पुरेसे आहे. केंद्र सरकारचे म्हणणे असे की कलम 8(2) अजून शाबूत आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते. देता येते, हे खरे. पण देण्याचा निर्णय ज्याच्याकडून माहिती मागायची त्याच कार्यालयाने घ्यायचा आहे.

अंबडच्या एखाद्या गावात उद्या कुणी अर्ज केला की आमच्या गावच्या अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी द्या, नाव, गट नंबर, क्षेत्र आणि रकमेसकट, तर काय होईल? ही शेतकऱ्यांची व्यक्तिगत माहिती आहे, असे उत्तर देणे आता सोपे झाले आहे. घोटाळा करणाऱ्याला यापेक्षा चांगली ढाल मिळणार नाही. माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, 2002 मध्ये, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राने केला होता. त्याच राज्यात खासगीपणाच्या नावाने यादी झाकली गेली, तर तो दुहेरी अपमान ठरेल: शेतकऱ्याचा ठसा कुणाही हाती, आणि त्याच्या नावाने निघालेल्या पैशाचा हिशेब मात्र त्याच्याच गावापासून लपलेला.

या दोन गोष्टींत गल्लत होऊ देता कामा नये. आधार क्रमांक, बोटांचे ठसे, खाते क्रमांक, बाईच्या नवऱ्याचा फोन, आजार, जात पडताळणीचे कागद ही माणसाची खासगी मालमत्ता आहे; ती कुलपात राहावी. सार्वजनिक पैसा कुणाला, किती, कशासाठी मिळाला आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या लॉगिनमधून किती वाजता मंजूर झाला, हे चावडीवर वाचण्याचे काम आहे. सध्या कारभार नेमका उलटा चालला आहे.

उपाय काही अवघड तंत्रज्ञानाचे नाहीत. शेतकऱ्याच्या प्रत्येक अंगठ्याला यंत्र विचारते, तसेच तहसीलदाराच्या प्रत्येक मंजुरीला त्याच्या स्वतःच्या फोनवरचा ओटीपी आणि त्याचाही अंगठा विचारावा. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून शिपायाच्या टेबलावर ठेवण्याची प्रथा त्याच दिवशी मोडेल. कुणाच्याही नावाने अर्ज झाला, यादीत नाव आले किंवा आधार उघडला गेला की त्या माणसाच्या फोनवर मराठीत संदेश जावा. सप्टेंबर 2025 च्या महापुरानंतर राज्य सरकारने 31,628 कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले आणि ॲग्रीस्टॅकमध्ये नोंद असलेल्या शेतकऱ्यांना वेगळ्या ई-केवायसीतून मोकळे केले. ही सवलत योग्य होती. पण खालची एक तपासणी काढली, तेव्हा वरची एक तपासणी वाढवायला हवी होती. अंबडचा गुन्हा त्याच्या जेमतेम दोन महिने आधीचा होता.

तोवर जे आपल्या हातात आहे ते तरी करावे. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात. अंगठा लावायचा असेल तेव्हाच थोडा वेळ उघडावेत. झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे आधार काढून द्यावे आणि कागदावर कशासाठी दिले ते लिहावे. खात्यातून पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणि 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाऊन एकच मागणी करावी: गेल्या तीन वर्षांत आपल्या गावाच्या नावाने निघालेल्या प्रत्येक अनुदानाची यादी, आधार आणि खाते क्रमांक झाकून, पण मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह, मोठ्याने वाचून दाखवा. नाही म्हणाले, तर तो नकार लेखी घ्यावा.